झाडीपट्टीचे कौटुंबिक नाटक : करमणूक, उपजीविका आणि गावाची जबाबदारी

विदर्भाच्या पूर्व भागात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेला धानाचा व वनांचा प्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आणि गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. प्रशासकीय सीमा बदलल्या; पण वैनगंगेच्या खोऱ्यातील या मुलखाची बोली, शेती, सण आणि करमणूक एकच राहिली. या करमणुकीचे सर्वांत मोठे साधन म्हणजे नाटक. दिवाळीनंतर धानाची कापणी व मळणी आटोपत आली, की गावोगावी मंडप उभे राहू लागतात आणि होळीच्या सुमारापर्यंत ही नाट्यरात्रींची मालिका चालू राहते.

महाराष्ट्राच्या अन्य भागांत नाटक म्हटले, की शहरातील बंदिस्त नाट्यगृह डोळ्यांसमोर येते. झाडीपट्टीत नाटक गावात येते, गावाच्या आमंत्रणावरून येते आणि त्याची आर्थिक जोखीमही गावच उचलते. या एका गोष्टीमुळे या रंगभूमीचे स्वरूप घडले आहे. तिचा विनोद, तिचे अश्रू, तिची गाणी आणि तिची लांबी यांचा उलगडा याच व्यवस्थेतून होतो. या रंगभूमीपुढील आजच्या अडचणींचे मूळ व त्यांवरील उपायही पुष्कळ अंशी याच व्यवस्थेत सापडतात.

मंडई, पट आणि पाहुणे

भंडारा जिल्ह्यात भाऊबीजेपासून मंडई भरू लागतात. मंडई म्हणजे गावाची लहानशी जत्राच. गोवारी बांधवांचे नृत्य, ढालीची मिरवणूक, मिठाईची व खेळण्यांची दुकाने आणि घरोघरी सोयऱ्याधायऱ्यांची वर्दळ असे तिचे रूप असते. एका गावची मंडई एका दिवशी, तर शेजारच्या गावची दुसऱ्या दिवशी, असा क्रम बहुधा ठेवलेला असतो. त्यामुळे नातलगांना एकमेकांकडे जाता येते. पुढे हिवाळ्यात अनेक गावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात. दिवसा मंडई किंवा पट आणि रात्री नाटक, ही जोडी या भागात रूढ झाली आहे.

पाहुण्यांचा हा वावर नाटकाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा ठरतो. सासरी गेलेली मुलगी, तिचा नवरा, मुले, व्याही, म्हातारी माणसे असा सारा गोतावळा घरी जमलेला असतो. ही सर्व मंडळी जेवणे आटोपून मंडपात येतात. आजी, सून, शाळकरी नातू आणि जावई एका रांगेत बसून जे नाटक पाहणार, ते कोणालाही खाली मान घालावयास लावणारे असून चालत नाही. कौटुंबिकता हा या नाटकाचा पहिला नियम झाला, तो अशा प्रकारे प्रेक्षकांच्या बैठकीतूनच.

शंकरपटाशी असलेल्या या नात्यामुळे नाटकावरही एक संकट ओढवले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. राज्याने केलेल्या कायद्यानंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींसह अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. मधल्या वर्षांत पटाच्या निमित्ताने ठरणाऱ्या प्रयोगांचा आधार निखळला होता. गावाचा उत्सव आणि गावाचे नाटक ही एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे त्यावरून दिसून आले.

दंडारीपासून नाटकापर्यंत

या प्रदेशात नाटक येण्यापूर्वीही रात्रीचे खेळ होते. दंडार हे त्यांतील प्रमुख होय. गीत, नृत्य, संवाद आणि नकला यांनी युक्त असा हा लोकनाट्यप्रकार गावातील पुरुषच सादर करीत. स्त्रीभूमिकाही तेच वठवीत. खडी गंमत हा प्रकारही या भागात लोकप्रिय होता. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांतून एकमेकांना हजरजबाबी टोले देण्याची सवय तर घराघरांत होती. झाडीपट्टीच्या विनोदी नटाची जिव्हा याच परंपरेत तयार झाली.

मराठी संगीत नाटकाची लाट पुढे विदर्भातही पोचली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने सुरू केलेल्या या प्रवाहात १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ आले. जरठकुमारी विवाहासारखा गंभीर प्रश्न हसत खेळत आणि गात मांडता येतो, हे या नाटकाने दाखविले. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये सिंधूच्या संसाराची राखरांगोळी आणि तळीरामाच्या मद्यपी मंडळाचा विनोद एकाच कथानकात नांदतात. त्यानंतर बाळ कोल्हटकरांच्या ‘वाहतो ही दुर्वांची जुडी’सारख्या नाटकांनी कुटुंबातील नात्यांचा भावोत्कट आविष्कार घडविला. एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू, हा मराठी प्रेक्षकाचा आवडता अनुभव शहरी रंगभूमीवर कालांतराने मागे पडला. झाडीपट्टीने मात्र तो जिवंत ठेवला.

आरंभीच्या काळात गावचे हौशी तरुणच नाटक बसवीत. शेतीची कामे सांभाळून रात्री तालमी होत. पुढे स्त्रीभूमिकांसाठी नागपूरसारख्या शहरांतून अभिनेत्री बोलावण्याची, पडदे व पोशाख भाड्याने आणण्याची पद्धत पडली. हळूहळू या पुरवठ्यातूनच व्यावसायिक नाट्यमंडळ्या उभ्या राहिल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्यांचे केंद्र बनले. गोंदिया ते चांदाफोर्ट लोहमार्गावरील हे स्थानक चारही जिल्ह्यांना सोयीचे आहे. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुका तर त्याला लागूनच आहे. हंगामात येथे मंडळ्यांची कार्यालये थाटली जातात आणि गावोगावचे आयोजक नाटक ठरविण्यासाठी येतात. बंगालमधील जात्रा मंडळ्यांचा कारभार कोलकात्याच्या चितपूर भागातून चालतो, त्याची आठवण वडशाच्या या बाजारपेठेवरून होते.

नाटकाची घडण

या नाटकांची कथानके साधारणपणे ओळखीच्या साच्यातील असतात. दोन भावांतील वाटणीचा वाद, सावकाराच्या कर्जात बुडालेला शेतकरी, सासुरवास सोसणारी सून, शिकून शहरात गेलेला व आईबापांना विसरलेला मुलगा, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, हुंड्यासाठी मोडणारे लग्न हे नेहमीचे विषय होत. शेवटी दुष्टाचा पाडाव होतो किंवा त्यास पश्चात्ताप होतो आणि विखुरलेले कुटुंब एकत्र येते. समीक्षक यास भडक म्हणू शकतील. परंतु ज्या परिस्थितीत हा प्रयोग होतो, ती लक्षात घेतली म्हणजे या भडकपणामागील कारण कळते.

मंडप उघड्या मैदानात किंवा शेतात उभारलेला असतो. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवरील बैठक आणि त्यामागे उभे राहिलेले लोक, अशी गर्दी असते. रंगमंचावर वरून टांगलेल्या ध्वनिक्षेपकांतून संवाद सर्वांपर्यंत पोचवायचे असतात. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाच्या भुवईची हालचाल दिसत नाही. त्यास आवाजाचा चढउतार, हातवारे आणि गाणे यांतूनच भावना कळते. शिवाय प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि परंपरेने पहाटेपर्यंत चालतो. हिवाळ्याची थंडी, दिवसभराचे श्रम आणि मांडीवर पेंगणारी मुले यांच्याशी नाटकाला सतत झुंज द्यावी लागते.

या झुंजीत विनोदी प्रवेशांचे स्थान मोठे असते. एखाद्या करुण प्रसंगानंतर प्रेक्षागृह स्तब्ध झालेले असताना विनोदी नट प्रवेश करतो. डोळे पुसणारी माणसे हसू लागतात आणि पेंगणारी जागी होतात. तेवढ्या अवधीत पडद्यामागे पुढील प्रवेशाची मांडामांड उरकते. विनोदाने मोकळे झालेले मन पुढच्या दुःखाचा आघात अधिक तीव्रतेने अनुभवते. त्यामुळे कुशल नाटककार विनोदी पात्राला मूळ कथानकात गुंतवून ठेवतो. घरचा गडी, गावचा कोतवाल, लग्न न जमणारा तरुण किंवा कजाग बायकोचा नवरा अशी ही पात्रे असतात. अनेकदा खलनायकाचे कारस्थान उघडे पाडण्याचे काम याच पात्राकडे येते. सर्वांनी ज्याला वेडगळ समजले, तोच सत्य बोलतो आणि त्याच्या बोलण्याला टाळ्या पडतात.

भाषेची योजनाही लक्षात घेण्याजोगी आहे. नायक, नायिका व खलनायक बहुधा प्रमाण मराठीत बोलतात. विनोदी पात्र झाडीबोलीत बोलते. या बोलीत ‘ण’ व ‘ळ’ हे उच्चार होत नाहीत; पाणी येथे ‘पानी’ होते आणि डोळा ‘डोरा’. शाळेत व कचेरीत जिला अशुद्ध म्हणून बाजूस सारले जाते, ती घरची बोली रंगमंचावरून सन्मानाने ऐकू आली, की प्रेक्षक त्या पात्राला आपला माणूस मानतो. शिक्षकांनी या गोष्टीची विशेष दखल घ्यावी. बोलीतील वाक्प्रचार, म्हणी आणि शेतीतील शब्द जतन करण्याचे मोठे काम ही नाटके नकळत करीत आली आहेत.

प्रयोगाचे तंत्रही परिस्थितीनुरूप बनले आहे. नटांना तालमीस थोडाच वेळ मिळतो. म्हणून प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त असते. संहिता हाती घेऊन तो संवादांची आठवण देतो आणि नट ते आपल्या शैलीत रंगवितो. वादक रंगमंचासमोर बसतात. पूर्वीच्या ऑर्गन व तबल्याच्या जोडीला आता विद्युत वाद्ये आली आहेत. अनुभवी विनोदी नट प्रेक्षकांचा कल पाहून त्या गावच्या पिकापाण्याचा, रस्त्याचा किंवा विजेच्या लपंडावाचा उल्लेख संवादात घालतो. असे उत्स्फूर्त बोलणे हा या कलेचा अलंकार आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तिचा धोकाही आहे.

गावाचा हिशेब

नाटक आणण्याची पद्धत सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे. गावातील तरुण मंडळ, क्रीडामंडळ किंवा उत्सव समिती मंडळीशी ठराविक रकमेचा करार करते. कलावंत, वादक, पोशाख व रंगमंचाची सजावट यांची व्यवस्था बहुधा मंडळीकडे, तर जागा, परवानग्या, प्रचार आणि तिकीटविक्री गावाकडे असते. ठरलेली रक्कम मंडळीस द्यावीच लागते. विक्री त्याहून अधिक झाली, तर शिल्लक गावाची. कमी झाली, तर तूटही गावाची. अशा शिल्लकीतून शाळेला साहित्य देणे, सभामंडपाची डागडुजी करणे, वाचनालय किंवा व्यायामशाळेला हातभार लावणे, अशी कामे अनेक गावांनी केली आहेत.

या उलाढालीवर कलावंतांखेरीज मंडपवाले, ध्वनिव्यवस्थेचे कामगार, रंगभूषाकार, वाहनचालक, फलक रंगविणारे आणि चहा-फराळाचे दुकानदार यांचीही हंगामी उपजीविका चालते. कलावंतांपैकी अनेक जण पावसाळ्यात धानाच्या शेतीवर किंवा मजुरीवर राबतात. त्यांना मोबदला बहुधा प्रत्येक रात्रीच्या हिशेबाने मिळतो. प्रयोग रद्द झाला, की त्या रात्रीची मिळकत बुडते. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून नाट्यगृहे बंद झाली आणि मंडई, पट, जत्रा यांवर निर्बंध आले, तेव्हा या माणसांचा २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ हातचा गेला.

अलीकडे या कलेस मान्यताही मिळू लागली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. विदर्भाचे दादा कोंडके म्हणून ते ओळखले जातात. ग्रामीण विनोदी नटाला लाभलेला हा राष्ट्रीय सन्मान साऱ्या झाडीपट्टीचा गौरव होय. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये हे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. तथापि, हयातभर खेड्यांतून काम केलेल्या कलावंताजवळ करारपत्रे, जाहिरातपत्रके किंवा कात्रणे क्वचितच असतात. पात्र असूनही पुराव्याअभावी तो वंचित राहू नये, यासाठी ग्रामपंचायतींनी आपल्या गावी झालेल्या प्रयोगांची व कलावंतांची नोंद ठेवल्यास मोठे साह्य होईल.

विनोद कोणत्या वळणावर?

या रंगभूमीपुढील खरा प्रश्न मात्र पैशापेक्षा वेगळा आहे. एकाच रात्री शेजारच्या गावांत, कधी एकाच गावात, अनेक प्रयोग होतात. प्रेक्षक खेचण्याच्या चढाओढीत दूरचित्रवाणी व मोबाईल यांचीही भर पडली आहे. अशा वेळी द्व्यर्थी संवाद आणि कथानकाशी असंबद्ध नृत्ये यांचा आश्रय घेण्याचा मोह काही मंडळ्यांना होतो. ‘डान्स हंगामा’ या नावाने होणाऱ्या कार्यक्रमांची तर नाटकाशी थेट स्पर्धा आहे. त्यांतील अश्लील प्रकारांबद्दल भंडारा जिल्ह्यातही तक्रारी आणि पोलीस कारवाया झाल्या आहेत.

अशा प्रयोगास त्या रात्री गर्दी होते, हे नाकारता येणार नाही. पण ती गर्दी एकट्या पुरुषांची असते. एकदा एका घरची आजी, सून आणि मुले मध्येच उठून गेली, की पुढील वर्षी त्या घराची चार-पाच तिकिटे कमी होतात. कौटुंबिक प्रेक्षक हा झाडीपट्टीचा मूळ गिऱ्हाईक आहे. त्यास गमावणे म्हणजे बियाण्याचे धान दळून खाण्यासारखे होय. शिवाय अभिनेत्री व नर्तिका यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न यात गुंतलेला आहे. ज्या रंगमंचावर त्यांना सुरक्षित वाटत नाही, तेथे गुणी मुली येणार नाहीत आणि स्त्रीभूमिका दुबळ्या राहतील.

विनोद सभ्य असला, की तो फिका पडतो, हा समज मात्र निराधार आहे. कृपणाची फजिती, फुशारकी मारणाऱ्याची बोबडी वळणे, सरकारी कागदासाठी हेलपाटे घालणारा भोळा शेतकरी, दोन जावयांची मानपानावरून जुंपलेली स्पर्धा यांवर संपूर्ण मंडप हसविण्याची ताकद झाडीबोलीत आहे. एखाद्याची जात, अपंगत्व किंवा स्त्रीची असहायता ही विनोदाची सामग्री होऊ शकत नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साध्य होते.

आयोजकांनी ध्यानात घ्यावे असे

नाटकाची निवड गावच करीत असल्याने सुधारणेची किल्लीही गावाच्याच हाती आहे. करार करताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

पहिली बाब संहितेची. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याची व संहितेची प्रत आयोजकांनी आधी मागून घ्यावी. गावातील दोन शिक्षक व दोन महिला सदस्य यांनी ती वाचली, तर नंतरचा वाद टळतो. संहितेबाहेरील अश्लील संवाद व नृत्य होणार नाही, अशी अट करारात स्पष्ट लिहावी.

दुसरी बाब वेळेची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे. सण-उत्सवासाठी वर्षातून अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाच्या परंपरेचा या नियमाशी मेळ बसत नाही, हे उघड आहे. परीक्षेचा अभ्यास करणारी मुले व आजारी माणसे यांचाही विचार करावाच लागतो. संध्याकाळी लवकर प्रयोग सुरू करणे, पाल्हाळ कमी करून तीन-चार तासांची आटोपशीर नाटके लिहविणे आणि सवलतीचे दिवस ठरण्यापूर्वीच मंडई व पटाच्या तारखा प्रशासनास कळविणे, हा व्यवहार्य मार्ग होय. नाटक लवकर संपले, तर स्त्रियांची व मुलांची उपस्थिती वाढण्याचाही संभव आहे.

तिसरी बाब सुरक्षिततेची. कापडी मंडपात बाहेर पडण्याच्या वाटा रुंद व मोकळ्या असाव्यात. वीजजोडणी अधिकृत असावी. वाळू व पाणी हाताशी ठेवावे. स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रवेशमार्ग आणि प्रसाधनाची सोय असावी. अभिनेत्रींच्या वेशभूषेसाठी बंदिस्त खोली आणि परतीच्या प्रवासाची व्यवस्था ही मेहेरबानी नसून आयोजकांचे कर्तव्य आहे.

चौथी बाब हिशेबाची. तिकीटविक्री, खर्च आणि शिल्लक यांचा तपशील ग्रामसभेपुढे ठेवावा व शिल्लक कोणत्या कामासाठी वापरणार, हे प्रयोगापूर्वीच जाहीर करावे. आपल्या तिकिटाच्या पैशाने शाळेला ग्रंथ मिळणार आहेत, हे कळल्यावर खरेदी करणाऱ्याचा हातही सैल होतो.

झाडीपट्टीचे नाटक शासनाने निर्माण केलेले नाही आणि केवळ अनुदानावर ते जगतही नाही. धानाच्या पैशावर, पाहुण्यांच्या वर्दळीवर आणि कलावंतांच्या जागरणावर ते पिढ्यानपिढ्या उभे आहे. हसविता हसविता दारू, हुंडा आणि कर्ज यांविषयी चार शब्द सांगण्याची त्याची हातोटी कोणत्याही प्रचारसभेला साधणारी नाही. हे साधन निर्मळ ठेवणे व ते राबविणाऱ्या हातांना न्याय देणे, हे ज्या गावांनी आजवर त्यास पोसले, त्यांनाच सर्वांत अधिक शक्य आहे. येत्या मंडईचे नाटक ठरविताना समितीने आपल्या घरातील आजी आणि नात यांना डोळ्यांसमोर ठेवून निवड केली, तर या कार्याचा आरंभ तेथेच होईल.